सोळातल्या पंधरा

"शनिवारी मी पर्मनंट," असं जयदेवने बुवापाड्यातल्या अर्ध्या वस्तीला सांगून टाकलं होतं. सन शहाण्णवची गोष्ट. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात त्याने एक प्रोग्राम लिहिला होता. तो भट्टीचा ताप दर सेकंदाला मोजायचा आणि ताप चढला की घंटा वाजवायचा.

खोट एकच होती. कारखान्यात कॉम्प्युटर एक, त्याची मेमरी सगळी मिळून सोळा एमबी. टायपिस्ट भागीरथीबाईंनी त्यावर पत्र उघडलं की मेमरी पुरत नसे. मग कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला कारभारी, जयदेवच्या प्रोग्रामला उठवून डिस्कवर नेऊन बसवी. तो परत येईपर्यंत घंटेला दहा सेकंद उशीर. उपाय पुस्तकात होता: मेमरी लॉक करायची, म्हणजे कुणी उठवत नाही. पण कर्नल ठरावीकच जागा लॉक करू देई.

मर्यादा म्हटलं की जयदेवचं डोकं फिरे. घरीही तेच. नळावर घरटी दोनच हंडे, हा नियम त्याच्या आईचा, पुतळाबाईंचा. तिसरा हंडा दिसला की त्या स्वतः उचलून बाजूला ठेवत.

तीन दिवस खपून त्याने कर्नलमधली मर्यादाच उपटून टाकली. लागत होती एक एमबी, पण असावी हाताशी म्हणून सोळातल्या पंधरा लॉक केल्या. चुकून कुणी बंद करू नये म्हणून प्रोग्राम थांबवायची कळही निकामी केली.

शनिवारी कारखान्याचे दौलतराव साहेब प्रोग्रामची परीक्षा घ्यायला घड्याळ घेऊन बसले. भट्टी तीनदा तापवली, तिन्हीदा घंटा त्याच सेकंदाला वाजली. साहेब खूश झाले. महिनाभर बाहेरगावी जायचं होतं, तेव्हा जयदेवला पर्मनंट केल्याच्या पत्रावर सही करूनच निघतो म्हणाले.

भागीरथीबाई पत्र टाइप करायला बसल्या. डिस्क जात्यासारखी घरघरली, पडदा काळाच राहिला. जयदेवने प्रोग्राम बंद करायची आज्ञा दिली, तर त्या आज्ञेलाही बसायला जागा नव्हती. भट्टी पेटलेली, म्हणून कॉम्प्युटरची वीजही तोडता येईना. पाऊण तास गेला. मध्ये भट्टी चढली तेव्हा घंटा मात्र अगदी वेळेवर वाजली.

पत्र हाताने लिहू का, असं जयदेवने हळूच विचारलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"जे थांबवता येत नाही, ते मी पर्मनंट करत नाही. महिन्याने बघू."

घरी पुतळाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"सोळातल्या पंधरा तूच धरून बसलास? मग बाकीच्यांनी काय करायचं रे?"

सोमवारी जयदेवने मर्यादा परत घातली. दोन एमबी, एकही जास्त नाही. कर्नल पूर्ववत झाला, पत्रं उघडू लागली. पेढे मात्र पुतळाबाईंनी शनिवारी सकाळीच वाटून टाकले होते.