काट्यावरची तळी

“तळी मोजायला संगणक कशाला लागतो? मला कात्री आणि काटा द्या, अख्खा डोंगर तोलून दाखवतो!”

नकाशेमास्तरांनी ही बढाई भर कचेरीत मारली, तीही साहेबांच्या तोंडावर! पर्यटन कचेरीच्या दाराशी मोठा फलक लागणार होता. डोंगरातली तळी आणि धरणांचे जलाशय, सगळ्यात मोठ्यापासून लहानापर्यंत. फलक नीट झाला तर मुख्य नकाशाकाराची जागा मास्तरांची, असं साहेबांनी कबूल केलं होतं. बायकोनं तर ही बातमी माहेरी कळवूनही टाकली होती!

मास्तरांची युक्ती जुनीच. नकाशातली तळी कात्रीनं कापायची आणि एकेक तुकडा नाजूक काट्यावर तोलायचा. कागद सगळा एकच, तेव्हा ज्याचं वजन जास्त ते तळं मोठं. घरात दुसरीकडे मोकळी जागा नव्हती, म्हणून हा कारखाना स्वयंपाकघरातल्या ओट्यावर थाटला गेला. तिथं आई कणीक मळत होती.

“अरे, आधी हा कचरा उचल!”

“आई, कचरा काय म्हणतेस? जलाशय आहेत ते! हात लावू नकोस!”

मास्तर चष्मा शोधायला गेले आणि आईनं परातीला जागा करायला सगळे जलाशय कणकेच्या हातानंच बाजूला सारले. एका तुकड्याच्या पोटाला चांगला गोळा चिकटला. मास्तर परतले, तोलायला बसले आणि किंचाळलेच.

“अगं ए! सगळ्यात मोठं तळं सापडलं! आजवर कुणाच्या लक्षातच आलं नाही बघ!”

“अहो, हा तुकडा नखाएवढा आहे,” बायको म्हणाली. “आणि ते थोरलं धरण तळहाताएवढं! दिसत नाही का?”

“डोळे फसवतात. काटा फसवत नाही!”

बायकोनं कपाळावर हात मारला. या माणसाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!

दुसऱ्या दिवशी फलकावरचा पडदा सरला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पहिलं नाव वाचलं आणि ते लालबुंद झाले.

“मास्तर, हे पहिलं?”

“काट्यावर तोललंय, साहेब!”

“अहो, माझं आजोळ त्या तळ्याकाठी! दोन म्हशी उतरल्या की तिसरी काठावर ताटकळत उभी राहते!”

मास्तरांनी पुरावा म्हणून पाकिटातून तो तुकडा काढून दिला. साहेबांनी तो उलटला. वाळलेला कणकेचा गोळा टपकन त्यांच्याच बुटावर पडला. पाहुणे पोट धरून हसले, साहेब मात्र हसले नाहीत.

“टेप घ्या आणि आत्ताच्या आत्ता ते तळं स्वतः मोजून या! जागेचं मग बघू!”

दुपारी बायकोचा फोन आला.

“अहो, माहेरचे विचारताहेत, जागेचं काय झालं? काय सांगू?”

“सांग, डोंगरातलं सगळ्यात मोठं तळं मोजायला साहेबांनी खास मलाच पाठवलंय.”

“अगंबाई! म्हणजे आज काही तुम्ही घरी येत नाही!”

“येतो गं, जेवायलाच येतो,” मास्तर पुटपुटले. “मोजून झालं. टेप उरली.”