आप्पांची तोंडी परीक्षा

ठाण्याला टेंभी नाक्यावर आप्पा सहस्रबुद्ध्यांच्या खोलीचं दार वाजवलं की आतून "कोण आहे?" असं कधी येत नसे. "रोल नंबर सांगा!" असं येई. पोस्टमनलासुद्धा.

त्या वर्षी मी डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेला बसणार होतो. लेखी पेपर कसेबसे निभायचे, पण तोंडी परीक्षेत परीक्षकांसमोर माझी दातखीळ बसायची. म्हणून दर रविवारी मी कल्याणहून आप्पांकडे जायचो. आप्पा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, एका दवाखान्यात कंपाउंडर. भर मे महिन्यात काळा कोट चढवून ते परीक्षक व्हायचे आणि त्याच कोटात पेशंटही व्हायचे. एकदा त्यांनी फिट आल्याचं असं सोंग वठवलं की शेजारच्या लेलेकाकू कांदा फोडून धावत आल्या. आप्पांनी डोळे न उघडताच मला विचारलं, "बोला डॉक्टर, पेशंटला आधी कुशीवर वळवणार, की कांदा हुंगवणार?"

"कुशीवर," मी चाचरत म्हणालो.

"पास! काकू, कांदा राहू द्या, पोह्यांत घालू."

मी अडखळलो की म्हणायचे, "घाबरलात? उत्तम! आता घाबरत घाबरत बोला."

एवढं सगळं येणारा हा माणूस स्वतः डॉक्टर का झाला नाही, याचं मला भारी कुतूहल होतं. मी पास झालो आणि पेढे घेऊन गेलो, तेव्हा धीर करून विचारलंच.

"तोंडीत चारदा नापास," आप्पा म्हणाले. "परीक्षकांनी नाव विचारलं, तर तेसुद्धा आठवेना."

"मग आज मी परीक्षक. बसा समोर."

आप्पा हसत बसले. मलेरियाचा ताप कसा चढतो, एवढंच मी विचारलं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. शेवटी म्हणाले, "इतकी वर्षं मीच सगळ्यांना विचारत आलो. मला कोणी विचारलंच नाही रे."

मग मी त्यांना पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरायला लावला आणि पाच महिने दर रविवारी विचारत राहिलो. दिवाळीनंतर आप्पा पास झाले. निकाल सांगायला थेट कल्याणला आमच्या घरी आले. आईच्या पाया पडले, चहा घेतला आणि निघताना दारात रेंगाळले.

"येत्या रविवारी येशील ना?"

"आप्पा, आता कशाला? परीक्षा संपली की!"

"संपली ना," चपलेत पाय घालत ते म्हणाले, "म्हणूनच विचारतोय."