आज मोसम नाही

सकाळी सहाला देवाजीभाऊ तोंड धुवायच्या आधी कुंपणाशी जातो. बोट थुंकीनं ओलं करून हवेत धरतो, जाळीला नाक लावून दोनदा हुंगतो आणि कोर्टातल्या जजसारखा निकाल देतो, "आज मोसम नाही."

कसला मोसम? चितळ मारायचा.

इकडं आखातात, अल ऐनच्या रस्त्याला आमच्या अरबाबचा, म्हणजे मालकाचा, फार्म आहे. चारी बाजूंनी वाळू आणि मधे कुंपणात अकरा चितळं. मी पिकअप चालवतो. अल क्वोजच्या गोडाऊनमधून लसूणघासाच्या गठड्या आणून टाकायच्या, एवढीच माझी अक्कल. चौथीत मी दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसायला निघालो तेव्हा मास्तरच उठून गेले.

देवाजीभाऊ गोंदियाकडचा, जंगलाच्या कडेचा. पूर्वी चार वर्षं अल क्वोजच्या मजूर कॅम्पात माझ्या खालच्या बंकवर झोपायचा. दिवसभर साइटवर सिमेंट कालवायचा, आणि रात्री चितळाच्या गोष्टी सांगून मला झोपवायचा. अरबाबनं चितळं आणली आणि सांभाळायला माणूस शोधत होता, तेव्हा मी छाती फुगवून म्हटलं, "अरबाब, मेरे पास आदमी है. बहोत बडा शिकारी!"

शिकारी म्हणायची काय गरज होती? काही नाही. जीभ सुटली की ब्रेक लागत नाही, माझ्या पिकअपसारखं.

झालं. देवाजीभाऊला नोकरी लागली आणि अरबाबच्या डोक्यात शिकार बसली. थंडी पडली की तो यायचा. "देवाजी, कौन सा मोसम अच्छा? कब मारेगा?"

देवाजीभाऊ गंभीर होऊन एका नराकडं बोट दाखवायचा. "शिंगावर मखमल हाय, जी. कच्च्या शिंगाचं मारू नये." पुढच्या खेपेला माद्या गाभण. त्याच्या पुढं पाडसं दुधावर. नंतर नर माजावर, मटण वास मारते. उन्हाळ्यात तर अरबाबच येत नसे. अशी तीन वर्षं काढली.

एकदा मी विचारलं, "भाऊ, यांचा खरा मोसम कधी असतो हो?"

"काऊन बे, तुले खाची हाय का?" मग हळूच म्हणाला, "चितळाचं सारं एकदम नसते. एकाची शिंगं पिकली तं दुसऱ्याची गळते. कोनतं ना कोनतं पाडस बाराही महिने दुधावर. बोट दाखवाले एक सापडतेच."

तेव्हा मला कळलं, जगातला सगळ्यात मोठा शिकारी मी कोणाला म्हटलं होतं ते.

यंदा जानेवारीत, शुक्रवारी सकाळी, दोन गाड्या आल्या. अरबाब, दोन पाहुणे, आणि लांब पेटीत बंदूक. माझ्या हातातली गठडी माझ्याच पायावर पडली. ओरडायची सोय नव्हती.

पाहुण्यांतला चष्मेवाला मोबाईल बघून आला होता. म्हणाला, थंडीचे दिवस, पक्की शिंगं, हाच बेस्ट सीझन. आणि बोट दाखवलं ते नेमकं सरपंचावर. सरपंच म्हणजे कळपातला थोरला नर. शिंगं पिकलेली, चकचकीत. मखमल नाही, माज नाही. एक सबब शिल्लक नव्हती.

"देवाजी," अरबाब म्हणाला, "आज मोसम है ना?"

देवाजीभाऊचं बोट खालीच. नाकसुद्धा हुंगेना.

"तू शिकारी है. पहिली गोली तेरी. यल्ला, चलो!" अरबाबनं बंदूक त्याच्या हातात दिली.

भाऊनं ती धरली, दस्ता वर आणि नळी जमिनीला. खराटा धरतात तशी.

कोणी हसलं नाही. अरबाबनं पटकन बंदूक काढून घेतली. "कभी चलाया?"

"नाही जी. कधीच नाही."

"फिर शिकारी किसने बोला?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं. माझ्या डोळ्यांपुढं दोन व्हिसे कॅन्सल झाले, विमानात दोघं शेजारी बसलो, आणि खिडकीची सीटसुद्धा भाऊलाच मिळाली.

अरबाबनं स्वतः बंदूक खांद्याला लावली. सरपंच लांब झुडपाशी उभा होता. तेवढ्यात देवाजीभाऊनं फाटक उघडलं आणि आत गेला. दहा पावलं चालून तोंडाला ओंजळ लावली. "आऽव रे, आऽव!"

मी मनाशी म्हटलं, नोकरीसाठी म्हातारा चितळांना हाक मारून बंदुकीपुढं आणतोय.

सरपंचानं मान वर केली. "आँव," करून ओ दिली आणि निघाला. मागून दहाच्या दहा. भाऊभोवती घोळका झाला. एक खिसा चाटतंय, एक बाही ओढतंय, सरपंचानं तर शिंगं सांभाळून डोकं त्याच्या पोटाला टेकवलं. भाऊ वळला. "घ्या जी. आता मारा. नेम धराची बी गरज नाही."

नळी तशीच रोखलेली.

मग अरबाबनं बंदूक खाली केली. "खलास, बस हो गया. ये शिकार नहीं है. ये तो इसका घरवाला है सब."

पाहुणे हॉटेलातली मंदी, म्हणजे मटण-भात, खाऊन गेले. जाताना अरबाब म्हणाला, "देवाजी, सात साल छुट्टी नहीं लिया. घर जा. टिकट मैं देगा."

भाऊनं बोट ओलं करून हवेत धरलं. "मोसम नाही, जी."

ते गेल्यावर मी चिडलो. "अहो, फुकट तिकीट! घरी जायला कसला मोसम लागतो?"

तो गठडी सोडत होता. वर न बघता म्हणाला, "बायको होती तवा मोसम होता. मी वावरातून हाक मारली का ते घरातून ओ दे. आता तिकडं हाक मारली तं ओ देनारं कोन हाय, बे?"

मी शेजारी बसून दुसरी गठडी सोडायला घेतली.

आता मी फाटकाशी पिकअप थांबवली की उतरायच्या आधीच बोंबलतो, "देवाजीभाऊऽ!"

"ओऽ! काऊन बे?"

काम काहीच नसतं.