नामदेवकाकांचे चार सारखे तुकडे

नामदेवकाकांच्या हाती सुरी द्यायची नाही, हे आमच्या गल्लीत लहान पोरांनाही ठाऊक आहे. मी ती चूक मुलीच्या वाढदिवसाला केली. केक चौकोनी, लेकरं पाच. काकांनी खिशातून दोरा काढला, केकच्या चारी कडांना गुंडाळला, त्याच्या पाच सारख्या घड्या घातल्या, तेवढ्या मापावर कडेला खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेपासून सुरी थेट मध्यापर्यंत नेली. "वरची क्रीम बी सारखी, बाजूची बी सारखी. आता कोणी रडून दाखवा!" तोवर दोन लेकरं झोपली होती.

लकडगंजात प्लायवूडच्या दुकानात त्यांनी जन्मभर शीटा कापल्या. "कचरा नाई निघाला पाहिजे," हा त्यांचा मंत्र. काम सुटलं, शीटा गेल्या, हाती पुठ्ठे आले.

मला त्यांची भीती वाटायची. मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, तोही गणितात बीएस्सी. लपवायचं काय त्यात? दारावरच्या पाटीवर लिहिलंय. काकांनी ती वाचली आणि मी सापडलो. पानठेल्यावर चार लोकांसमोर ते पुठ्ठा काढायचे. चौकोन, पण एक चतकोर कोपरा कापून टाकलेला.

"बीएस्सी, याचे चार तुकडे कर. माप सारखं, आकार बी सारखा."

मी घाम पुसायचो.

"कॉलेजात काय झोपा काढल्या गा?"

शेवटी आठवडाभर घरी कागद खराब करून मी उत्तर काढलं. चारही तुकडे मूळ आकाराचेच, फक्त लहान. तीन कोपऱ्यांत तीन, मधे एक. तरी पुठ्ठा दिसला की मी स्कूटर वळवायचोच. त्यांच्याकडं दुसरा असला तर?

मागच्या सोमवारी सकाळी ते दारात उभे. हाक नाही, टोमणा नाही. हातात तसाच पुठ्ठा, वेड्यावाकड्या रेघांनी भरलेला.

"हे रोज चहाच्या आधी कापतो मी. आज दीड घंटा बसून राहिलो. येऊनच नाई राहिलं."

"होते काका असं कधी."

"दादाचं बी असंच सुरू झालं होतं. आधी मापं गेली. मग घराचा रस्ता. शेवटी वहिनीलेच विचारे, तुम्ही कोण म्हणून."

मी रेघा काढून दाखवल्या. त्यांनी एकेका रेघेवरून बोट फिरवलं.

"रोज सकाळी येजो. समोर बसजो. ज्या दिवशी चहा येईपर्यंत जमणार नाई, त्या दिवशी काकूले तूच सांगजो. मले तर समजणारच नाई ना गा. तिले तयारीले वेळ भेटला पाहिजे."

मी शब्द दिला.

मंगळवारी जमलं. बुधवारी जमलं. माझ्या कुठल्याही पेपराला मी घड्याळाकडं इतकं पाहिलं नव्हतं.

आज एक कोपरा कापून कात्री थांबली. काकांनी पुठ्ठा फिरवला. पुन्हा फिरवला. काकू चहा घेऊन आल्या.

"झालं का जी तुमचं रोजचं?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी कप उचलून एक घोट घेतला.

"काकू, थोडं अद्रक टाकून पुन्हा उकळून देता का?"

"नखरे पाहा बाप्पा याचे!" म्हणत त्या दोन्ही कप घेऊन आत गेल्या. आत अद्रक ठेचल्याचा आवाज येऊ लागला. मी मान खाली घालून कात्रीच्या आवाजाची वाट पाहत बसलो.