साळवीकाकांचा लांबचा रस्ता

साळवीकाकांसमोर कुणी 'जमीन', 'शेअर' किंवा 'भाव' यांपैकी एक शब्द जरी काढला, तरी ते हातातली बशी खाली ठेवायचे, दोन्ही कानांत बोटं घालायचे आणि खणखणीत आवाजात एकोणतीसचा पाढा सुरू करायचे. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की बोटं काढायची, बशी उचलायची आणि म्हणायचं, "हां, काय म्हणत होतात? चकली बाकी छान झालीये."

हे सगळं अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावच्या घरात, डेट्रॉइटच्या मोटारींवर पोट भरणाऱ्या डझनभर मराठी माणसांच्या देखत. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे भारतातून आलेला प्रत्येक नवा पाहुणा या प्रकाराने एकदा तरी दचकलेला आहे. माझ्या धाकट्या लेकीने तर विचारलंच, "बाबा, व्हाय इज काका डूइंग टेबल्स?" मी म्हटलं, "अगं, काका सरकारी नोकरीत आहेत." हे उत्तर तिला तेव्हा पटलं नव्हतं आणि अजूनही पटलेलं नाही.

एकोणतीसच का, असं मीही एकदा विचारलं होतं. काका म्हणाले, "मधू, बाराचा पाढा म्हणताना माणसाला सगळं ऐकू येतं. एकोणतीस म्हणताना दुसरं काही ऐकायला डोकं शिल्लकच राहत नाही. करून बघ." मी करून बघितलं. माझं डोकं एकोणतीस चोकलाच संपलं.

दत्ताराम साळवी हे मूळचे राजापूरकडचे. आमच्या आधी दहा-बारा वर्षं इकडे आलेले, रस्ते बांधणारे इंजिनिअर. राज्याच्या रस्ते खात्यात नकाशे काढता काढता ते इतके वर चढले, की नवा हायवे कुठून न्यायचा आणि त्याला गावात उतरायची वाट, म्हणजे 'एक्झिट', कुठे द्यायची, हे ठरवणाऱ्या चार माणसांत एक खुर्ची त्यांची झाली. आता इकडे एक्झिट म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. आज जिथे गाई चरतात तिथे उद्या एक्झिट आली, की परवा पेट्रोलपंप, तेरवा दुकानं, आणि गाईंचा मालक फ्लोरिडात. म्हणून अशा खुर्चीवरच्या माणसाने आपली जमीन, शेअर वगैरे सगळं एका तिऱ्हाइताच्या हवाली करायचं. तो तिऱ्हाईत ते ठेवील नाही तर विकील, मालकाने त्याला विचारायचं नाही. काय आपलं आहे हेच माहीत नसेल, तर आपल्या फायद्याचा निर्णय घेणार कसा? याला म्हणतात ब्लाइंड ट्रस्ट.

आमच्या मंडळात याचं भाषांतर व्हायला एक संध्याकाळ पुरली. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे साळवींचा धृतराष्ट्र झाला म्हणा!"

त्यावर साळवीकाकांच्या बायको, कुमुदकाकू, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "धृतराष्ट्र परवडला हो. त्याला निदान संजय तरी चालायचा!"

मी यावर सगळ्यांत मोठ्याने हसलो, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण मी जन्माचा संजय. माझ्या बायकोचं, सुनंदाचं, ठाम मत आहे, की माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तिच्या वाढदिवसाची सरप्राइज पार्टीसुद्धा मी तिला आठवडाभर आधी सांगून टाकली होती, वर पाहुण्यांच्या नावांसकट.

काका-काकूंकडे ट्रस्टमध्ये टाकण्यासारखं होतं काय? थोडे शेअर, आणि आमच्या घराकडे येणाऱ्या रस्त्यावर, ओढ्याच्या वळणाला, एक जमिनीचा तुकडा. रिटायर झाल्यावर तिथे घर बांधायचं ठरलं होतं. कोकणातल्यासारखी पुढे पडवी, पूर्वेला स्वयंपाकघर. नकाशा काकांनी स्वतः काढला होता. काकूंनी घराच्या आधीच तिथे तुतीचं झाड लावलं होतं. "तिकडे आणि इकडे दोन्हीकडे जीव धरणारं मला हेच एक सापडलं," असं त्या म्हणायच्या. उन्हाळ्यात आम्ही त्या झाडाखाली भेळ खायला जायचो, आणि काकू गवतात उभ्या राहून "मधू, तू आत्ता माझ्या देवघरात उभा आहेस, चपला काढ," असं सांगायच्या. आणि मी काढायचो.

ट्रस्ट करायचा म्हणजे बायकोचीही सही लागते. हॅलोरन नावाचे म्हातारे वकील हेच ते तिऱ्हाईत. त्यांच्या ऑफिसात काकूंनी विचारलं, "म्हणजे हे वकील माझी जागा विकू शकतात?"

"शकतात," काका म्हणाले.

"मला न विचारता?"

"तुलाही, मलाही."

काकूंनी सही केली. म्हणाल्या, "तुमच्या नावाला डाग नको. घर काय, कुठेही होईल."

हॅलोरन म्हणाले, "मिस्टर साळवी, जमीन विकली तर तसं तुम्हाला कळवायची नियमात मुभा आहे. मग त्या भागातल्या कामात तुम्ही मोकळे."

"कळवू नका," काका म्हणाले. "विकली असं कळलं, की कितीला ते विचारावंसं वाटेल. मला माहीत नाही, म्हणजे ती माझीच आहे असं धरून मी चालणार, आणि त्या रस्त्याचा विषय निघाला की खोलीबाहेर जाणार." आणि खिशातून पडवीवाल्या घराचा नकाशा काढून त्यांनी तोही वकिलाच्या टेबलावर ठेवला. जन्मभर नको इतके प्रश्न विचारणारे अशील बघितलेले हॅलोरन, उत्तर द्यायची बंदी घालणारा हा पहिलाच माणूस, म्हणून सगळ्यांना सांगत सुटले.

नियम जिथे थांबला, तिथून साळवीकाका सुरू झाले. सकाळचा पेपर आधी काकूंनी वाचायचा, आणि जमिनीची, बाजाराची, नव्या वसाहतींची जी बातमी असेल ती कात्रीने कापून टाकायची. काकांच्या हातात पोचेपर्यंत पेपरला इतक्या खिडक्या पडलेल्या असायच्या, की पेपर उघडल्यावर पलीकडच्या काकू दिसायच्या. एकदा अशाच एका कात्रणाच्या पाठीमागे त्यांच्या जुन्या साहेबांच्या निधनाची बातमी होती. महिन्याभराने काकांनी त्या साहेबांच्या घरी खुशाली विचारायला फोन केला. तेव्हापासून काकू कापण्याआधी मागची बाजू वाचायला लागल्या.

गणपतीत मंडळाची मोदकांची स्पर्धा होती, आणि परीक्षक काका. मोदक कुणाचा ते आपल्याला कळता कामा नये, म्हणून त्यांनी डोळ्यांना पंचा बांधून घेतला आणि काकूंचा मोदक शेवटच्या नंबराला टाकला.

"इतकी वर्षं खाताय," काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जीभही ट्रस्टमध्ये टाकली की काय?"

काका माझ्या कानाशी कुजबुजले, "पहिल्या घासाला ओळखला रे. म्हणून तर शेवटी ठेवला."

पण सगळ्यांत मोठा ताप म्हणजे लांबचा रस्ता. हायवेवरून उतरून आमच्याकडे यायला सरळ रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर ती जमीन. तिथे दुसऱ्या कुणाचं घर दिसलं, तर विकली हे कळणार! म्हणून काका अलीकडच्या फाट्याला डावीकडे वळून, शेताशेतांतून भलामोठा वळसा घालून यायचे. प्रत्येक जेवणाला उशीर. त्यांनी आणलेलं श्रीखंड आमच्या आइसक्रीमनंतर पोचायचं. एका जानेवारीत त्या आडरस्त्यावर त्यांची गाडी बर्फात रुतली आणि मी फावडं घेऊन गेलो. नाकाच्या शेंड्यापर्यंत गारठलो होतो. म्हटलं, "काका, सरळ रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकलंय! तुमच्याच खात्याने टाकलंय!"

"खात्याने त्याचं काम केलं," बर्फात पाय रोवून काका म्हणाले, "मी माझं करतोय. ढकल."

आता मी रोज कामावर सरळ रस्त्याने जाणारा माणूस. त्यामुळे जे व्हायचं ते मला डोळ्यांनी दिसलं. एका शरद ऋतूत ओढ्याच्या वळणावर पाटी लागली, वसंतात बुलडोझर आला, आणि पुढच्या पानगळीपर्यंत तिथे करड्या छपरांची एकसारखी घरं उभी राहिली. जिथे मी चपला काढायचो तिथे कुणाचं तरी गॅरेज आलं. तुती गेली. हॅलोरननी नियमाप्रमाणे विकली होती, त्यात त्यांची काही चूक नव्हती. मंडळात हळूहळू सगळ्यांना कळलं. काकांसमोर मात्र कुणी बोलेना, कारण बोलायला तोंड उघडलं की पाढा.

मग काका दौऱ्यावर असताना काकू चार दिवस आमच्याकडे राहायला आल्या. मी त्यांना आणायला गेलो. काकू गाडीत म्हणून फाट्यापाशी मी डावीकडे वळणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "सरळ घे."

"काकू, लांबच्या रस्त्याने..."

"तो नियम त्यांचा. सरळ घे म्हणते ना."

ओढ्याच्या वळणाला मी गाडी थांबवली. गॅरेजच्या दारावर बास्केटबॉलची कडी लावली होती. काकू काचेतून बघत राहिल्या. मी विचारलं, "उतरायचं का?"

"नको. लोकांच्या घरात कसं उतरायचं?" मग जरा वेळाने म्हणाल्या, "एक ऐक. ह्यांना कळता कामा नये. मला काही नाही, मी सही केली तेव्हाच सोडली होती ती जागा. पण त्यांना वाटेल, माझ्या नियमापायी हिचं घर गेलं. ते जन्मभर खातील स्वतःला. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, सुनंदा सांगते मला. हा एवढा भिजू दे."

मी मान हलवली. त्यानंतर जी एक-दोन वर्षं गेली ती माझी मला ठाऊक. मोदक तोंडात असला तरी तीळ जाणवायचा.

मग त्याच रस्त्यावर नवी एक्झिट द्यायची की नाही, याची जनसुनावणी आमच्या गावच्या शाळेच्या हॉलमध्ये ठेवली. जूनची संध्याकाळ, बाहेर लख्ख उजेड. व्यासपीठावर चौघं, त्यांत काका. तो विषय पुकारला गेला, आणि काका उठले, कोटाचं बटण लावलं आणि शांतपणे बाहेर चालू लागले. पहिल्या रांगेतल्या वार्ताहराने नेहमीप्रमाणे ते टिपून घेतलं. माझ्या शेजारी काकू आणि सुनंदा. काकू ताठ बसून त्यांच्याकडे बघत होत्या, लेकराने स्टेजवर न अडखळता भाषण केल्यावर आई बघते तशा.

मला ते बघवेना. मी कॉफीचे दोन पेले घेतले आणि कॉरिडॉरमध्ये गेलो. लाउडस्पीकरचा आवाज तिथेही येत होता. काका मुलांच्या चित्रांखाली एका बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. "एकोणतीस पाचे..."

मी ठरवलं, बस्स झालं. हा माणूस नसलेल्या जमिनीसाठी शाळेच्या बाकावर बसलाय. म्हटलं, "काका, बोटं काढा. मला तुम्हाला एक सांगायचंय."

त्यांनी बोटं काढली. माझ्याकडे बघितलं. "जमीन गेली हेच ना? माहीत आहे मला."

माझ्या हातातली कॉफी माझ्या बुटांवर.

"दुसऱ्याच एका कामाच्या फायलीत विमानातून काढलेला फोटो आला," काका म्हणाले. "मी इंजिनिअर आहे रे. ओढ्याचं वळण ओळखलं. वळणावर छपरं. तुती कुठे दिसेना. भिंग लावून बघितलं. त्याच दिवशी खात्याच्या वकिलांना जाऊन सांगितलं, मला कळलंय. ते म्हणाले, आता तुमचा काही संबंध नाही, खुशाल आत बसा."

"मग बसा की! बाहेर कशाला?"

"आत बसलो तर उद्या पेपरात येईल. साळवी या वेळी उठले नाहीत, त्यांची जमीन विकली गेली म्हणून." कोटाचं बटण त्यांनी काढलं, परत लावलं. "आणि पेपर आमच्या घरात आधी कोण वाचतं?"

मी वाकून बूट पुसायला लागलो.

"तिला वाटतंय झाड आहे अजून. वाटू दे. मला ते दुसरं कुठे लावून देता आलं की मग सांगीन. रिटायर झाल्यावर बघू. तोवर तू तोंड उघडायचं नाहीस. कबूल?"

आत टाळ्या पडल्या. विषय संपला होता. काका उठले, गुडघे झटकले आणि आत जाऊन आपल्या खुर्चीवर बसले.

सुनावणी संपल्यावर जेवायला सगळे आमच्याकडे. सुनंदा दुसऱ्या गाडीने पुढे गेली. माझ्या शेजारी काका, मागे काकू. फाटा आला. सरळ गेलं तर आमचं घर पाच मिनिटांवर.

"मधू, लांबच्या रस्त्याने घे हो," मागून काकू म्हणाल्या. "ह्यांचा नियम आहे."

"हो, लांबच्यानेच," काका काचेबाहेर बघत म्हणाले.

मी आरशात बघितलं. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं होतं. त्याच वेळी काकांनी अंधारही नसलेल्या त्या गाडीत माझा गुडघा हळूच दाबला. ज्याला बायकोचा वाढदिवस पोटात ठेवता आला नाही, त्याच्या तोंडात आता दोन तीळ होते. मी डावीकडे वळलो.

शेतं लागली. उशीर होणार होता, भात गार होणार होता. गाडीत कुणी जमिनीचं नाव काढलं नव्हतं, तरी काका सवयीने पुटपुटायला लागले, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक..." आणि तिथेच अडकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.



"सत्त्याऐंशी," मागून काकू म्हणाल्या.