इंदूबाईंचा डबा काचेत

“अवो, माहा डबा कुठी हाय?”

इंदूबाईंनी फडताळातली सगळी भांडी खाली काढून तिसऱ्यांदा हेच विचारलं, तेव्हा ओसरीत बसलेल्या देवराव गुरुजींनी वर्तमानपत्र आणखी थोडं वर धरलं.

“कोनता डबा?”

“कोनता म्हंजे? धम्मानं लग्नात देल्ला तो. मोठा, स्टीलचा. शेव तळून पडली, आन् डबा नाई. पाचच्या गाडीनं भाऊ येऊन राह्यला, चार वर्सानं! मांगच्या खेपेले पह्यला चहा जावयाले देल्ला म्हनून उठून गेलता. आता डबा दिसला नाई त कायमचाच जाईल!”

यात जरासुद्धा अतिशयोक्ती नव्हती. त्या डब्यावर कोरलेलं होतं: ‘इंदूस, भाऊ धम्मरत्नकडून, मंगल परिणय, १२ मे १९८४.’ धम्मरत्न घरात आला की चप्पल काढायच्या आधी ती अक्षरं वाचायचा.

गुरुजींनी पेपर खाली ठेवला. पस्तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवल्यामुळे खोटं बोलायची सवय सुटली होती.

“खेळात देल्ला,” ते म्हणाले.

सुट्टीत गल्लीतल्या मुलांना आपलं पुसद पायी हिंडून कळावं म्हणून गुरुजींनी जिओकॅशिंग सुरू केलं होतं. खेळ सोपा. मोबाइलवरचा बाण एखाद्या जागेपर्यंत नेतो, तिथे दडवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत सही करायची, त्या जागेबद्दलची चिठ्ठी वाचायची आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. पूस नदीच्या जुन्या घाटापासून गावातल्या जुन्या वस्तू मांडलेल्या कलादालनापर्यंत सहा जागा होत्या. प्लास्टिकचे डबे मात्र पाचच निघाले, म्हणून कलादालनातला सहावा डबा फडताळातून गेला.

“म्हनून माहा डबा लपवला? दुसऱ्याच्या घरी?”

“घर नाई, कलादालन हाय.”

“पाचच्या आंधी डबा इथं पायजे! नाई त तुमी बी तिथंच राहा.”

गुरुजी कलादालनात पोचले तेव्हा गल्लीतली चार पोरं भिंतीला टेकून ओळीत उभी होती आणि पहारेकरी त्यांच्यावर नजर ठेवून होता. त्यांतली दहा वर्षांची दीपा रागानं लाल झाली होती.

“गुरुजी, बाण दारापाशी थांबला, मंग आमीच शोधला. पन डबा काचेत हाय! सही करायची हाय त हे काका कुलूप उघडत नाई. हा खेळ हाय का?”

गुरुजींनी डबा ‘नदीकाठचा संसार’ या दालनात, एका फुटक्या जात्याच्या मागे दडवला होता. जागा सांगितली की मजा जाते म्हणून कोणाला बोलले नव्हते. आता तोच डबा लाल मखमलीवर, काचेच्या पेटीत, वर पिवळा दिवा लावून ठेवलेला होता.

व्यवस्थापक किसनसिंग नवेच होते. जुन्या वस्तू द्या म्हणून त्यांनी तीन महिने गावभर विनवण्या केल्या होत्या आणि त्यातून एक वातीविना कंदील मिळाला होता. झाडताना हा डबा निघाला, त्यावर नाव, तारीख, सगळंच; झाकण उघडून पाहायची गरजच वाटली नाही. कोणी लाजाळू माणूस ठेवून गेला, असं समजून त्यांनी रात्र जागून पाटी लिहिली होती. गुरुजींनी ती वाचली.

‘स्टीलचा डबा. विसाव्या शतकाचा उत्तरार्ध. मालकीण इंदू हिच्याविषयी माहिती मिळत नाही. बहुधा हयात नसावी.’

“हे कोनं ठरवलं?” गुरुजींनी विचारलं.

“अंदाज हाय, सर. हयात बाई आपला डबा असा सोडीन का?”

गुरुजींनी कपाळावर हात मारला. “अरे, ते घरी शेव तळून बसली हाय!”

“असन. पन वस्तू नोंदवहीत चढली. आता समितीच्या बैठकीबिगर बाहेर निघत नाई. बैठक दिवाळीनंतर.”

पस्तीस वर्षांत वर्गात ज्यांचा आवाज चढला नव्हता, ते गुरुजी ओरडले, “दिवाळीपर्यंत मी जेवू कुठी?”

“गुरुजी, हळू,” दीपा म्हणाली. “‘शांतता राखा’ लिवलं हाय तिथं.”

तिकडे गाडी नेमकी त्या दिवशी वेळेआधी आली. धम्मरत्न घरात शिरला, त्यानं फडताळाकडे पाहिलं आणि चप्पल न काढताच तो दाराकडे वळला.

“मोडीत घातला वाटते, ताई? येतो मी.”

“बस चूप!” इंदूबाईंनी त्याचा दंड धरला, ऑटो थांबवला आणि त्याला तसाच कलादालनात आणला.

पेटीपाशी पोचताच इंदूबाईंनी पाटी वाचली. पुन्हा एकदा वाचली. पोरं आपसूक मागे सरकली.

“कोन हयात नाई?”

“तुमी कोन, ताई?” किसनसिंगांनी विचारलं.

“मी थेच. मेलेली.”

किसनसिंगांनी किल्ल्या पुढे केल्या. समितीचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. पण धम्मरत्न पेटीसमोर तसाच उभा होता. पिवळ्या उजेडात त्याचं नाव लखलखत होतं.

“ताई, राहू दे इथंच,” तो हळूच म्हणाला. “तुह्या फडताळात मीच एकटा वाचत होतो. इथं सारा तालुका वाचीन. भाऊजी, तुमी लय डोकेबाज मानूस!” आणि त्यानं चार वर्षांनी गुरुजींचा हात हातात घेतला.

म्हणजे नवरा सुटला, भाऊ खूश झाला. इंदूबाईंचा राग तेवढा तसाच शिल्लक राहिला. मग तो सगळा पाटीवर निघाला.

“खोडा ते. माह्यासमोर.”

किसनसिंगांनी कुलूप काढलं. तेवढ्यात दीपानं डब्याचं झाकण उघडून वहीत चौघांची नावं लिहून घेतली. किसनसिंग नवी पाटी लिहू लागले: ‘मालकीण इंदूबाई हयात आहे.’

“आहेत,” इंदूबाईंनी दुरुस्त केलं.

त्यांनी ‘आहेत’ केलं आणि घाम पुसत म्हणाले, “पन ताई, मालक हयात असन त नियमानं दरवर्षी हयातीचा दाखला जोडावा लागते.”

“दाखला कायले? मी सोता येत जाईन. दर सोमवारी. काचेवर धूळ दिसली त पाहा मंग.”

“सोमवारी दालन बंद राहते, ताई.”

“माह्यासाठी नाई राहत.”