नागोजीमामांच्या गच्चीवरची तार

रेडिओची तार कशी जुळवावी हे म्हैसुरात कुणाला विचारायचं असेल, तर मला विचारावं! हौशी रेडिओचं, म्हणजे घरबसल्या रेडिओवरून दूरच्यांशी बोलायचं, लायसन्स मिळून जेमतेम वर्ष झालं होतं, पण माझी ऐट जुन्या खेळाडूची होती.

अडचण एकच. गच्ची नागोजीमामांची! ते माझे सख्खे मामा, सासरे आणि वर घरमालक. त्यांचे पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते आणि घरात हुकूम अजून घोडदळाचेच चालत.

"रविवारी पुण्याच्या गंगाधराशी बोलून दाखव," ते म्हणाले, "नाहीतर सोमवारी तार खाली! सुम्ने, उगाचच, गच्ची अडवायची नाही."

गंगाधर म्हणजे त्यांचा मुलगा. त्याच्याकडेही माझ्यासारखाच रेडिओ.

शनिवारी मी तार जुळवायला घेतली. तारेची लांबी बरोबर असली की मीटरचा काटा खाली बसतो. चुकली की काटा चढतो आणि आपला आवाज घरातच राहतो. गच्चीवर जायचं, अलीकडचं टोक थोडं कापायचं, खाली येऊन काटा बघायचा. दुपारपर्यंत काटा असा बसला की मी स्वतःलाच शाबासकी दिली. मग वनजाला, म्हणजे बायकोला, दम भरला, "उद्या तारेच्या आसपास काहीही दिसता कामा नये!"

रविवारी मामा खुर्ची ओढून बसले. गंगाधरचा आवाज खणखणीत आला. मी बोलायचं बटण दाबलं आणि काटा वर!

"भावजी, ऐकू येत नाही तुमचं," गंगाधर म्हणाला. "झोपलात का? थोडा वेळ थांबतो, मग बंद करतो."

"बोल की रे!" मामा गुरगुरले. "नुसतं ऐकायला आकाशवाणी आहे घरात!"

घामाघूम होऊन मी गच्चीवर धावलो. बांबू जागेवर, सांधे घट्ट!

"कुणी हात लावला?" मी ओरडलो.

"अय्यो, तुम्हीच सांगितलं ना!" वनजा म्हणाली. "टाकीमागं तुमच्या तारेच्या टोकावर काल अम्माच्या ओल्या साड्या होत्या. सगळ्या काढल्या. तारेचे तुकडे पण केरात टाकले."

मी कपाळावर हात मारला. ओल्या साड्यांमुळे तार जणू लांब झाली होती, आणि त्या हिशेबानं मी ती तोकडी करून बसलो होतो!

"साड्या आण! ओल्या कर!"

"इस्त्री झाली हो त्यांना!"

"आण म्हणतो ना!"

मामी, म्हणजे वनजाची अम्मा, देवळात गेल्या होत्या, तेवढंच नशीब. साड्या बादलीतून पुन्हा तारेवर गेल्या आणि काटा बसला.

"आला, आला आवाज!" गंगाधर ओरडला.

मामांनी खुर्ची पुढे सरकवली. पण बाहेर मे महिन्याचं ऊन! साड्या वाळू लागल्या तसा काटा चढू लागला. मी खिडकीतून "पाणी!" म्हणून ओरडायचो, वनजा लांबून तांब्यानं पाणी मारायची, काटा उतरायचा आणि मी घाईघाईनं एक वाक्य बोलून घ्यायचो.

"भावजी, सिग्नल एकदम फर्स्ट क्लास!" गंगाधर म्हणाला. "अँटेना कुठला हो?"

मी बटण दाबून तोंड उघडणार, तोच दारातून आवाज आला.

"नऊवारी!" हातात ओला पदर धरून मामी उभ्या होत्या. "माझी! इस्त्रीची!"

पुण्याहून बराच वेळ हसण्याचाच आवाज येत राहिला. मामांनी डोळे पुसले. मुलाचं हसणं त्यांनी फार दिवसांनी ऐकलं होतं.

"तार राहू दे," ते म्हणाले. मी कॉलर ताठ केली. "दर रविवारी बोलू. धुणं मात्र आता तू धुवायचं."

तर, तार जुळवण्याबद्दल काही शंका असल्या तर जरूर विचारा. फक्त माझे हात ओले असतात, जरा थांबावं लागेल!